विहीर ऑगस्टात तुडुंब, मार्चमध्ये कोरडी: दोष पावसाचा की दगडाचा?

माझ्या मामाची विहीर सात परस खोल आहे. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीचं हे जुनं माप. ऑगस्टात त्या विहिरीच्या पायरीवर बसून तांब्या बुडवावा इतकं पाणी वर येतं. मार्च लागला की पंपाचा फुटबॉल उघडा पडतो. (फुटबॉल म्हणजे फूटव्हॉल्व्ह, पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप. गावाकडं तिला फुटबॉलच म्हणतात, आणि आता ते सुधारायच्या भानगडीत कुणी पडू नये.)

मामाचं निदान ठरलेलं: "हल्ली पाऊसच राहिला नाही." त्याचा नातू आठवीत आहे. त्यानं मागं एकदा जेवताना विचारलं, "आजोबा, पाऊस राहिला नाही, तर मग ऑगस्टात विहीर भरते कशी?" मामा गप्प. मग "तू जेव," एवढंच म्हणाला.

प्रश्न अगदी नेमका होता. शाळेच्या भूगोलात मान्सून एका धड्यात असतो, खडक दुसऱ्या धड्यात आणि नैसर्गिक संसाधनं तिसऱ्या धड्यात. परीक्षाही तशाच वेगवेगळ्या प्रश्नांतून होते. पण विहिरीत हे तिन्ही धडे एकाच जागी येऊन मिळतात. म्हणून त्या पोरासाठी, आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी, हा प्रश्न जरा सावकाश सोडवून बघू.

कोरड्या विहिरीत डोकावून बघा

विहीर आटली की एक फायदा होतो: तिच्या भिंती दिसतात. मामाच्या विहिरीत वरून खाली बघत गेलं तर आधी हातभर काळी माती. तिच्याखाली मुरूम, म्हणजे पिवळट-तपकिरी, कुदळीनं सुटणारा, झिजलेला दगड. त्याच्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो दगड: भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, घणाच्या चार घावांत फुटणारा. मग काळा पाषाण. इथं सुरुंग लावावा लागला होता आणि त्याचं बिल मामाला अजून पाठ आहे. आणि अगदी तळाशी, पाषाणाच्या खाली, विटेसारखा लाल असा वीतभर जाडीचा पट्टा.

या थरांची गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा भारताचा भूभाग आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला सरकत होता आणि आज हिंदी महासागरात जिथं रियुनियन बेट आहे, त्या तप्त जागेवरून जात होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की चित्रातला शंकूसारखा डोंगर आणि त्यातून उडणारे निखारे आठवतात. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. दूध उतू जावं तसा लाव्हा उतू गेला आणि सपाट पसरला. थिजला. काही काळ गेला, त्यावर पुन्हा दुसरा. असे थरावर थर. आज उरलेला पसाराच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चारांहून जास्त भाग याच बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडावर, बसलेला आहे. कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे याच थरांची चळत. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा बेसाल्ट संपून त्याखालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागायला सव्वा किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं.

पावसाळ्यात घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात: उभा काळा कडा, मग हिरवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा हिरवी पट्टी. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, ते जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. कडा म्हणजे कठीण पाषाण, हिरवी पट्टी म्हणजे मऊ, झिजलेला थर. मामाच्या विहिरीच्या भिंतीत आहे तोच जिना, फक्त छोटा.

आता प्रत्येक लाव्ह्याच्या थराचं आतलं अंग बघा. लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. ते वर येऊ पाहतात आणि थिजता थिजता वरच्या भागात अडकतात. इडली मध्ये कापून बघितली तर जाळी दिसते, तसंच. म्हणून थराचा वरचा भाग भोकांचा: तो मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड होतो, वायू निघून जातात आणि घट्ट पाषाण बनतो. दोन लाव्ह्यांच्या मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा थर ऊन-पावसात कुजून लाल झाला, आणि पुढचा लाव्हा त्यावर येऊन त्याला भाजून गेला. तो विटेसारखा पट्टा ही त्याची खूण.

मांजऱ्या दगडातले पांढरे ठिपके म्हणजे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं. भोकांमध्ये हजारो वर्षं गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून ती साचली. जिथं भोकं मोठी होती तिथं सुंदर स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव भागातले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट बघून तर परदेशी संग्राहक वेडे होतात. पण शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर प्रत्येक सुंदर स्फटिक म्हणजे दगडातलं एक बुजलेलं भोक. तिथं पाणी राहू शकलं असतं, आता राहत नाही.

दगडात पाणी मावतं तरी किती?

जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, गुहांसारखे हौद असतात, अशी आपली एक समजूत असते. आपल्या दगडात असं काही नाही. पाणी राहतं ते मुरमाच्या कणांमध्ये, मांजऱ्या दगडाच्या झिजलेल्या भागात आणि पाषाणाच्या चिरांमध्ये. अखंड पाषाणात पाणी नाहीच. आपल्या गडांवरची खोदीव टाकी उन्हाळाभर पाणी का धरून ठेवतात, याचं उत्तरही हेच: ती अखंड पाषाणात खोदलेली असतात आणि पाषाण पाण्याला आत-बाहेर वाट देत नाही. गडावर हा गुण, विहिरीत हाच अवगुण.

एक प्रयोग घरी करता येतो. एक बादली घ्या, ती कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा. मग मापानं पाणी ओतत जा, वाळू पूर्ण बुडेपर्यंत. किती लिटर गेलं ते लिहा. आता बादलीच्या तळाला भोक पाडून पाणी निथळू द्या आणि बाहेर आलेलं पाणी मोजा. जेवढं घातलं त्यापेक्षा ते बरंच कमी भरेल. उरलेलं कणांना चिकटून बसलं. विहिरीला उपयोग फक्त निथळून येणाऱ्या पाण्याचा.

भूजलाचा अंदाज काढणारे लोक हाच 'निथळणारा वाटा' धरतात. गंगेच्या मैदानातल्यासारख्या वाळूच्या गाळात तो साधारण १६ टक्के धरला जातो. म्हणजे घनमीटरभर ओल्या गाळातून १६० लिटर पाणी निघतं. आपल्या झिजलेल्या, चिरांच्या बेसाल्टमध्ये तोच आकडा आहे २ टक्के. घनमीटरला २० लिटर. एक बादली आणि वर एखादा तांब्या. हा दोनाचा आकडा लक्षात ठेवा, कारण मामाच्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

समजा वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला बराचसा ओढ्यानं वाहून जातो, बराच मातीतून आणि झाडांतून पुन्हा हवेत जातो. बेसाल्टमध्ये खालपर्यंत मुरतो तो अंदाजे ७ ते १३ टक्के. हिशेबाला सोपं जावं म्हणून १० धरू, म्हणजे ६० मिलिमीटर. आता हे ६० मिलिमीटर पाणी दगडात शिरलं. दगडातली मोकळी जागा शंभरात दोन. तर हे पाणी मावायला किती उंचीचा दगड लागेल? ६० भागिले ०.०२, म्हणजे ३००० मिलिमीटर. तीन मीटर! तेवढ्याच पाण्यानं गाळाच्या प्रदेशातली पातळी चढेल फक्त चाळीसएक सेंटिमीटर.

एक कप पाणी परातीत ओता आणि तेवढंच परीक्षानळीत ओता. परातीत तळ जेमतेम ओला होतो. नळी काठोकाठ भरते, उतूही जाते. आपली विहीर परीक्षानळीशी जोडलेली आहे. म्हणून दोन चांगले पाऊस झाले की ती भसाभस वर येते आणि आपण म्हणतो, यंदा काय, पाणीच पाणी. आणि उपसा सुरू झाला की तितक्याच वेगानं खाली जाते. ऑगस्टात विहीर तुडुंब होती हे खरं. तुडुंब म्हणजे भरपूर, हे मात्र खोटं. दगडाची तिजोरीच लहान आहे, ती लवकर भरते.

आणखी एक आकडेमोड, कारण पंप घेताना ही कुणी सांगत नाही. मामाची विहीर वीस फूट व्यासाची. तिच्यात दहा मीटर पाणी असलं तर होतात सुमारे २ लाख ९० हजार लिटर. पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला २५-३० हजार लिटर सहज फेकतो. म्हणजे दहाएक तासांत विहीर रिकामी. त्यानंतर जे पाणी मिळतं ते विहिरीचं नसतं, चिरांतून रात्रभर पाझरून आलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात शेतकरी एकमेकांना "विहिरीला पाणी किती?" असं विचारत नाहीत. विचारतात, "विहीर किती तास चालते?" चार तास, दोन तास, मग अर्धा तास. या प्रश्नात अख्खं भूजलशास्त्र आहे.

बरं, पाऊस तरी सगळीकडं सारखा कुठं पडतो?

महाबळेश्वर ते वाई, रस्त्यानं पस्तीसेक किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पाचगणीपर्यंत येईतो तो निम्म्याहून खाली उतरलेला असतो आणि वाईत जेमतेम सातशे-आठशे. कृष्णा नदी तीच, ढगही तेच.

कारण हवेच्या चढ-उतारात आहे. अरबी समुद्रावरून येणारा वारा ओला असतो. कोकणात तो जवळपास समुद्रसपाटीवर असतो आणि समोर हजार-तेराशे मीटरची भिंत. तो वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं हवा फुगते, आणि फुगताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना बोट धरलं तर गार लागते, तसं. दर किलोमीटर चढाईला कोरडी हवा सुमारे १० अंशांनी गार होते, ढग धरू लागल्यावर सहाएक अंशांनी. गार हवेला तितकी वाफ पेलवत नाही. ती थेंब होऊन पडते, घाटमाथ्यावर. पलीकडं उतरताना हवा पुन्हा दाबली जाते, तापते, आणि ढग विरून जातात. वाईच्या डोक्यावर ढग दिसतात पण बरसत नाहीत, ते यामुळं. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द पुस्तकात असतो, गावाकडं म्हणतात, "ढग नुसते मिरवून जातात."

आणखी पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, पाऊस पाचशेच्या आसपास घुटमळतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! त्यामुळं 'जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस' ही बातमी मला नेहमीच गमतीची वाटते. या सरासरीत कुणीच राहत नाही.

विदर्भ-मराठवाड्याचं गणित थोडं वेगळं. तिथं अरबी समुद्राच्या वाऱ्यापेक्षा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर जास्त भिस्त असते. ते पट्टे ओडिशाकडून आत सरकले तर नागपूर-अमरावती भिजते, वरच्या वर उत्तरेला वळले तर महिना कोरडा जातो. म्हणून मुंबईत लोकल बंद पडलेली असताना बीडमध्ये दुबार पेरणीची चर्चा चालू असते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात.

आणि अंतर फार लागतच नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच वेळी ७३. एकाच शहराची दोन टोकं.

आता खरी कोड्यात टाकणारी गोष्ट. पाऊस जास्त तिथं पाणी जास्त असं असतं, तर घाटमाथ्यावरच्या बायकांना एप्रिलमध्ये हंडा घेऊन दरी उतरावी लागली नसती. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आहेत, तिथलं पाणी मुंबई पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. यातला अर्धा भाग राजकारणाचा आणि नळांच्या वाटपाचा आहे, तो मी दगडाच्या माथी मारणार नाही. पण उरलेला अर्धा दगडाचाच. तिथं उतार तीव्र, माती पातळ, खाली पाषाण. पाणी मुरायला वेळच मिळत नाही. आणि जे मुरतं ते आडव्या थरांतून सरकत जाऊन दरीच्या कड्यावर झरा होऊन बाहेर पडतं. डोंगर म्हणजे कडेला भोकं पाडलेला डबा. दिवाळीपर्यंत झरे खळखळतात, होळीला थेंब-थेंब होतात.

कोकणच्या सड्यावरही, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर, थोडं असंच. वर जांभा दगड असतो, तोच चिरा म्हणून घरांना वापरतात. तो इतका सच्छिद्र की पाणी गाळणीसारखं खाली जातं आणि खालच्या चिकण मातीच्या थरावर टेकून बाजूला निघून जातं. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा सडा मे महिन्यात तव्यासारखा तापतो.

मातीसुद्धा एक टाकीच

विहिरीच्या नादात वरची हातभर काळी माती विसरू नका. तीही याच बेसाल्टचं पीठ. तिच्यातली चिकण खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि सुकली की आकसतात. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या म्हणून. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल जातो. नंतर माती फुगते, भेगा मिटतात, आणि वर पाणी साचून राहतं. चप्पल ओढून घेणारा चिखल तोच.

पण ही माती ओल धरून ठेवते. सोलापूरकडं मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि बहुतेक वेळा एकही पाणी न देता फेब्रुवारीत काढतात. सगळं पीक मातीत साठलेल्या ओलीवर आणि थोड्या दवावर. शाळूच्या भाकरीत मान्सून असतो, फक्त चार महिने उशिरा आलेला. आपल्या पूर्वजांनी पीक निवडताना दगड, माती, पाऊस तिन्ही बघितले होते, असं मला ज्वारीच्या रानातून जाताना वाटत राहतं.

बोअर: पाचशे फूट खाली काय आहे?

विहीर आटली की दारात गाडी येते. रात्रभर धडधड, सकाळी अंगणभर राखाडी भुकटी. बोअर चालू असताना त्या भुकटीकडं नीट बघत उभं राहणं हा पृथ्वीशास्त्राचा फार चांगला तास आहे, फक्त तो महाग पडतो. काळी, बारीक, कोरडी भुकटी म्हणजे पाषाण. ठिपक्यांची, खरबरीत म्हणजे मांजऱ्या. मधूनच लाल भुकटी आली की ओळखायचं, एक लाव्हा संपला, खालचा दुसरा सुरू होणार. दोन थरांच्या सांध्यात कधी कधी पाणी लागतं.

लागतं, पण किती? खोल जावं तसा वरून दबाव वाढतो, चिरा बारीक होत जातात, आणि झिजलेला दगड राहतच नाही. दोनशे फुटांवर पाणी नाही म्हणून पाचशेवर असेल, हा तर्क नळातल्या पाण्याचा आहे, दगडातल्या नाही. शिवाय खोल चिरांतलं पाणी तिथं पोचायला फार वर्षं लागलेली असतात. ते एकदा उपसलं की पुढच्या पावसात भरून येईलच असं नाही. आणि बऱ्याचदा नवी बोअर म्हणजे शेजारच्या विहिरीला खालून लावलेली नळीच असते: पाणी नवं नसतं, मालक नवा असतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, ती याच कारणानं. गावोगाव त्या बंधनांचं काय होतं, ते मी सांगायला नको.

पाणाडी लोकांबद्दल दोन शब्द. हातावर नारळ किंवा उंबराची बेचकी घेऊन ते शेतात फिरतात. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. नारळाचा आणि पाण्याचा काही संबंध असल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण बरेच पाणाडी आयुष्यभर गावच्या विहिरी, झाडं, ओढे बघत आलेले असतात. कुठं उंबर उन्हाळ्यातही हिरवा राहतो, कुठं मुरूम खोल आहे, हे त्यांच्या नजरेला दिसतं. दीड हजार वर्षांपूर्वी वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं आणि वारुळांवरून जमिनीतलं पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. तेव्हा नजरेला मान द्यावा, नारळ देवाला वाहावा.

सगळा महाराष्ट्र असा दोन टक्क्यांचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात नदीनं आणलेला गाळ खोलवर साठला आहे. जळगावकडच्या रावेर-यावलची केळी उभी आहे ती याच गाळाच्या मोठ्या तिजोरीवर; मात्र तिजोरी मोठी असली तरी उपसा त्याहून मोठा झाला आणि पाणी खोल गेलं. पूर्णेच्या काठच्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पट्ट्यात गाळ आहे, पाणीही आहे, पण खारं. त्याला खारपाणपट्टा म्हणतात, आणि तिथं विहीर भरलेली असूनही प्यायला पाणी नसतं. पूर्वेला चंद्रपूरकडं बेसाल्ट संपतो आणि पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या दलदलींतल्या झाडांचा कोळसा लागतो. तिथल्या कोळशावर आपले दिवे लागतात; आणि मामाचा पंपही.

मग वहीत काय लिहायचं?

नातवाला मी तीन कामं दिली. पहिलं, पाऊस मोजणं. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टी घालून मिलिमीटर लिहायचे. बाटली चालत नाही, तोंड आणि पोट वेगळं असतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर बरोबर एक लिटर पाणी, हे एकदा कळलं की शाळेच्या छतावरचा पाऊसही मोजता येतो.

दुसरं, गावाचा हिशेब. शिवार हजार हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर गावात पडतं ५०० कोटी लिटर पाणी. आकडा ऐकून पोरगं हरखलं. मग दहावा हिस्सा मुरला, म्हणजे ५० कोटी. गावात दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, तर वर्षाला लागतात ४ कोटी. म्हणजे भरपूर उरतं की! आता ऊस. त्याला हंगामभरात २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर. अडीच कोटी धरले तर वीस हेक्टर उसात ५० कोटी संपले. काही पाणी पावसातूनच मिळतं म्हणून वीसचे तीस हेक्टर धरा. हजार हेक्टरांच्या गावात तीस हेक्टर ऊस अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी पितो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पावसाळ्यानंतर गावापुढं हाच हिशेब मांडतात, आणि तिथं उसाला आणि शेतीसाठी बोअरला गावानंच बंदी घातलेली आहे. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकारानं लागलेली ही शिस्त. हिशेब आठवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. तो सगळ्यांसमोर मांडणं अवघड.

तिसरं काम, दोरी. सुताच्या दोरीला दगड बांधायचा, हातभर अंतरावर गाठी मारायच्या आणि दर पौर्णिमेला विहिरीत सोडायची. कोरड्या गाठी मोजायच्या, ओल्या गाठी मोजायच्या. पंप सुरू करायच्या आधी, सकाळी.

आता मामाच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी गाठींचे आकडे दिसतात. भाद्रपदात अठरा ओल्या. कोजागिरीला पंधरा. त्या रात्री मामा बराच वेळ कॅलेंडरसमोर उभा होता. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभऱ्याचं दोनात भागतं. नातवाला हाक मारून त्यानं विचारलं, "मागच्या पौर्णिमेपेक्षा तीन गाठी कमी, असंच ना?" पोरानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी मामा तालुक्याला जाऊन हरभऱ्याचं बियाणं घेऊन आला. पाऊस राहिला नाही असं मात्र तो अजूनही म्हणतो.